ओळ कशी संपवायची, हे लिहून ठेवा

एका फाइलमध्ये ‘नाशिक’ एवढाच शब्द लिहा, एंटर दाबा आणि फाइल सेव्ह करा. ती किती बाइटची झाली? अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पण विंडोजच्या नोटपॅडमध्ये हीच फाइल १७ बाइटची होते आणि लिनक्सवर १६ बाइटची. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. फरक आहे तो ओळीच्या शेवटी असलेल्या, न दिसणाऱ्या खुणेत. लिनक्स आणि आजचा मॅक ओळ संपवताना एकच बाइट लिहितात: क्रमांक १०, लाइन फीड. विंडोज दोन लिहितं: आधी १३, म्हणजे कॅरेज रिटर्न, आणि मग १०. प्रोग्रामर मंडळी पहिल्याला एलएफ म्हणतात, दुसऱ्याला सीआरएलएफ.

या एका जादा बाइटपायी माणसांचे तास वाया जातात, याद्या चुकतात, सर्व्हर अडतात, आणि तरीही आपण हा विषय ‘सेटिंगचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं की ओळ कशी संपवायची हे ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर सोडू नये. ते प्रकल्पाच्या फाइलींसोबत, सरकारी निविदेत आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये लेखी ठरलेलं असलं पाहिजे. नाशिकमध्ये तर याची गरज जास्तच आहे. इथला मुलगा विंडोजच्या लॅपटॉपवर शिकतो, त्याचा कोड लिनक्सच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याला माहिती येते ती बाजार समितीच्या, पॅकहाऊसच्या, नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या एक्सेलमधून.

हा घोळ कुणाच्या हलगर्जीपणातून झालेला नाही, हे आधी मान्य करू. तारेवरून आलेले संदेश छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रावर नवी ओळ सुरू करायची तर दोन वेगळ्या हालचाली लागत: छापणारा भाग डावीकडे परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. म्हणून दोन वेगळे संकेत. १९६३ मध्ये आलेलं ‘मॉडेल ३३’ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. उजव्या टोकाला गेलेला भाग एक दशांश सेकंदात परत पोचत नसे, त्यामुळे दोन संकेतांमधून त्याला थोडी उसंतही मिळे. पुढे मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम करणाऱ्यांनी ठरवलं की फाइलमध्ये एकच खूण ठेवायची आणि छपाईयंत्राला दोन लागतात तर त्या यंत्र हाताळणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे ड्रायव्हरने, घालायच्या. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सने तेच उचललं. सीपी/एम या छोट्या संगणकांच्या सिस्टिमने दोन्ही खुणा फाइलमध्येच ठेवल्या, १९८१ च्या एमएस-डॉसने त्याचा कित्ता गिरवला आणि विंडोजकडे ते वारशाने आलं. जुन्या मॅकवर तिसरीच रीत होती, नुसता १३. मॅक ओएस ९ पर्यंत ती टिकली आणि २००१ मध्ये युनिक्सच्या पायावर मॅक ओएस एक्स आल्यावर मागे पडली. आयबीएमच्या मेनफ्रेमचं आणखी निराळं, पण त्यात इथे शिरत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी विचारपूर्वक निर्णय घेतला होता. अडचण सुरू झाली ती या यंत्रांनी एकमेकांना फाइली द्यायला सुरुवात केल्यावर.

आता एक उदाहरण जवळून पाहू. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, म्हणून काढली: पहिल्या रकान्यात कोड, शेवटच्या रकान्यात तालुक्याचं नाव, इगतपुरी, कळवण, चांदवड अशा वर्णक्रमाने. सर्व्हरवरच्या कोडने ती फक्त १० या बाइटवर तोडली. आता शेवटच्या रकान्यातला प्रत्येक शब्द आपल्या शेपटीला १३ घेऊन आलाय. ‘निफाड’ आणि ‘निफाड अधिक १३’ माणसाला सारखेच दिसतात, संगणकाला नाही. दुसऱ्या यादीशी जुळवणी केली की चौदा तालुके सापडत नाहीत. पंधरावा, सुरगाणा, मात्र बरोबर जुळतो, कारण या फाइलच्या शेवटच्या ओळीनंतरचं एंटर कुणीतरी नोटपॅडमध्ये पुसलेलं आहे. म्हणजे एक तालुका चालतो आणि चौदा चालत नाहीत, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या यादीत त्याचं कारण कुठेच नाही. त्यात कोडने टर्मिनलवर ‘अमुक तालुका सापडला नाही’ असं छापलं तर १३ मुळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि संदेशाचा उरलेला भाग आधीच्या अक्षरांवरच उमटतो. चूक सांगणारी ओळसुद्धा वाचता येत नाही. आणि रकान्यांचा क्रम उलटा असता, नाव आधी आणि कोड शेवटी, तर नावं सगळी जुळली असती आणि कोड बिघडले असते. अशा वेळी नवखा मुलगा जुळवणीचं लॉजिक तपासत बसतो, आणि लॉजिक तर बरोबरच असतं.

शेल स्क्रिप्टची, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलची, गोष्टही अशीच. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्याच ओळीला ती कोसळते. पहिल्या ओळीत बॅशचा, म्हणजे ती स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता असतो, त्याच्या टोकाला १३ चिकटलेला, आणि सिस्टिम त्या १३ सकट नावाचा प्रोग्राम शोधते. संदेश येतो, अशी फाइलच नाही. मुलगा डिरेक्टरी उघडून पाहतो तर बॅश जागच्या जागी असतो, स्क्रिप्टही असते. ज्याने ही खूण कधी बाइटच्या पातळीवर पाहिलेली नाही त्याला हा संदेश कसा उलगडणार?

हे सगळं एकेकट्या माणसाचं झालं. टीममध्ये नुकसान याहून खोल जातं. विंडोजवर गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम, बसवताना इन्स्टॉलर ओळीच्या शेवटाबद्दल एक प्रश्न विचारतो आणि तीन पर्याय देतो. बहुतेक जण न वाचता ‘नेक्स्ट’ दाबतात. एकाने गिटला रूपांतर करायला सांगितलं, दुसऱ्याने काहीही न बदलायला सांगितलं, तिसरा मॅकवर आहे. मग कधीतरी एका ओळीची दुरुस्ती केलेली फाइल येते आणि फरक पाहायला जावं तर आठशेच्या आठशे ओळी बदललेल्या दिसतात. तपासणाऱ्याने काय वाचायचं? तो ‘ठीक आहे’ म्हणून पुढे पाठवतो. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. ज्या बदलाची तपासणी होऊ शकत नाही तो बदल न तपासताच आत गेलेला असतो, मग रजिस्टरवर कितीही सह्या असोत. आणि सहा महिन्यांनी एखादी ओळ कुणी लिहिली म्हणून इतिहास पाहावा तर सगळ्या ओळींवर त्याच एका मुलाचं नाव, ज्याने त्या लिहिलेल्याच नाहीत.

याला इलाज आहे आणि तो फुकट आहे. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची एक छोटी फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवायची. तीत लिहायचं की मजकुराच्या सगळ्या फाइली एलएफने संपतील, विंडोजच्या बॅच फाइली तेवढ्या सीआरएलएफने, आणि चित्रं, पीडीएफ वगैरेंना हातच लावायचा नाही. ही फाइल प्रकल्पासोबत प्रत्येकाच्या मशीनवर जाते आणि ज्याच्या त्याच्या सेटिंगवर मात करते. सोबत एडिटरकॉन्फिग ही एडिटरसाठीच्या नियमांची फाइल ठेवली की एडिटरही तेच पाळतात. जुना प्रकल्प असेल तर सगळ्या फाइली एकदाच सरळ करून घ्यायच्या, त्याचा वेगळा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करायचा, त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. तो एक कमिट इतिहास पाहताना वगळायची सोयही गिटमध्ये आहे. हे काम अर्ध्या दिवसात होतं. ते होत नाही याचं कारण एवढंच की ते कुणाच्याच जबाबदारीत लिहिलेलं नसतं.

चित्रांना हात का लावायचा नाही, तेही सांगतो, कारण त्यात आधीच्या पिढीची समज दिसते. पीएनजी चित्राच्या फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. त्यानंतरचे १३ आणि १० मुद्दाम ठेवलेत. वाटेत कुणी सीआरएलएफचं एलएफ केलं तर तो १३ गळतो आणि फाइल बिघडल्याचं तिथेच कळतं. शेवटचा एकटा १० उलट्या बिघाडासाठी: एलएफचं सीआरएलएफ केलं तर त्याच्या आधी १३ घुसतो. आणि २६ असा की डॉसवर कुणी ती फाइल मजकूर म्हणून छापायला गेलं तर छपाई तिथेच थांबावी. ज्यांनी हे मानक बनवलं त्यांना माहीत होतं की फाइलची अशी वाट लागणार, म्हणून त्यांनी ओळखीची खूण फाइलच्या कपाळावरच लिहून ठेवली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता सगळे एडिटर दोन्ही प्रकार उघडतात, अगदी नोटपॅडसुद्धा २०१८ पासून एलएफची फाइल नीट दाखवतं, मग अडलंय कुठे? पूर्वी नोटपॅडमध्ये लिनक्सची फाइल उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत यायचा आणि काहीतरी गडबड आहे हे पाहताक्षणी कळायचं. आता ते दिसत नाही. दिसायचं थांबलं म्हणून फरक मिटलेला नाही. पुढच्या प्रोग्रामला तो भेटतोच.

ही खूण डोळ्यांना दिसत असली की काय होतं ते पाहायचं तर अंबडच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं मशीन, चालवणाऱ्या ऑपरेटरशी बोला. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरच्या पॅनेलवर ईओबी नावाचं वेगळं बटण असतं, एंड ऑफ ब्लॉक. प्रोग्रामची प्रत्येक ओळ त्याने संपवावी लागते आणि पडद्यावर त्या जागी अर्धविराम उमटतो. ओळ कुठे संपली हे ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर असतं. दोन रीतींचा वाद तिथेही होता: पंच टेपच्या काळात ईआयए संकेतात ब्लॉकचा शेवट कॅरेज रिटर्नने होई, आयएसओ संकेतात लाइन फीडने. पण तो वाद ऑपरेटरच्या मर्जीवर सोडलेला नाही. कंट्रोलरने ब्लॉक संपताना बाहेर काय पाठवायचं हे मशीनच्या पॅरामीटरमध्ये लिहिलेलं असतं. संगणकावरून केबलने प्रोग्राम चढवताना ओळीचा शेवट जुळला नाही तर मशीन अलार्म देऊन थांबू शकतं, कारण तिथे टूल आणि जॉब पणाला लागलेले असतात. आयटीआय करून आलेला मुलगा जी गोष्ट पहिल्या महिन्यात शिकतो ती इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. काही अनुभवी लोक म्हणतात, वाद कशाला, सगळीकडे एलएफ करा आणि मोकळे व्हा. कोडच्या फाइलींपुरतं मला ते मान्य आहे. पण सगळीकडे ते चालत नाही. ईमेल पोचवणारा एसएमटीपी आणि वेबचा एचटीटीपी १.१ यांच्या नियमांत ओळीचा शेवट सीआरएलएफ आहे. सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजातही, २००५ साली, सीआरएलएफच नोंदवलंय. तेव्हा एकच रीत सगळ्यांवर लादणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही. गरज आहे ती कुठे काय चालेल हे स्पष्ट लिहिण्याची.

आणि इथे एक जुना समज तपासून पाहिला पाहिजे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात जॉन पोस्टेल यांनी एक तत्त्व मांडलं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. पिढ्यान्‌पिढ्या प्रोग्रामर ते गिरवत आले. न्यूलाइनच्या, म्हणजे ओळीच्या शेवटाच्या, बाबतीत त्याचा अर्थ असा घेतला गेला की समोरून एलएफ येवो की सीआरएलएफ, दोन्ही चालवून घ्या. त्याची किंमत डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांसमोर आली. एसईसी कन्सल्ट या संस्थेच्या संशोधनातून ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाचा हल्ला उघड झाला. ईमेलचा मजकूर संपला हे सांगण्याची रीत अशी की एका ओळीत फक्त एक टिंब यावं, आणि त्या टिंबाच्या आधी-नंतर सीआरएलएफ असावं. काही सर्व्हर उदारपणे नुसत्या एलएफमधलं टिंबही शेवट म्हणून मान्य करत. काही सर्व्हर तेच टिंब साधा मजकूर समजून पुढे पाठवत. हल्लेखोराने एका ईमेलच्या पोटात असं टिंब ठेवायचं आणि त्यानंतर खोट्या प्रेषकाचं दुसरं ईमेल लिहायचं. पाठवणाऱ्याला एक पत्र दिसतं, घेणाऱ्याला दोन. दुसरं पत्र विश्वासू सर्व्हरकडूनच आलेलं असतं, त्यामुळे प्रेषकाची पडताळणीही पार होऊ शकते. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या सगळ्या मेल सर्व्हर प्रोग्रामांना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

म्हणून उदारपणाची जागा ठरवली पाहिजे. माणसाने तयार केलेली यादी वाचताना उदार राहा: १०, १३-१०, अगदी जुन्या मॅकचा एकटा १३ आला तरी ओळ ओळखा. पायथनने २००३ च्या २.३ आवृत्तीपासून मजकूर वाचताना ही सोय दिली आहे, जावाचं ओळ वाचणारं फंक्शनही तिन्ही ओळखतं. पण जिथे दोन यंत्रांमध्ये एक निरोप कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच त्या खुणेवर ठरतं, तिथे नियमात आहे तेवढंच घ्या, बाकीचं परत पाठवा. तिथे चालवून घेणं म्हणजे परक्याला आत घेणं.

सार्वजनिक कामात याचा विचार झालेला मला दिसत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरमध्ये गर्दी, वाहतूक, निवास, आरोग्य यांच्या किती याद्या या विभागाकडून त्या विभागाकडे जातील याची कल्पना करा. महापालिका, पोलीस, रेल्वे, जिल्हा प्रशासन, आणि प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. हरवलेल्या माणसांची यादी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना नाव शेवटच्या रकान्यात असेल आणि जुळवणी होणार नसेल, तर तो प्रश्न तांत्रिक उरत नाही. एखादं कार्यालय यादी प्रसिद्ध करून तिचा डिजिटल ठसा, म्हणजे फाइलच्या बाइटवरून काढलेला एक छोटा संकेत, देतं, यादीत फेरफार झाला नाही हे कुणालाही तपासता यावं म्हणून. पण त्याच यादीतला एलएफ वाटेत सीआरएलएफ झाला तर ठसा पूर्ण बदलतो. अक्षर न अक्षर तेच असूनही यादी खोटी ठरते. अशा वेळी सामान्य माणूस कुणावर विश्वास ठेवणार?

तेव्हा कॉलेजांकडे माझी मागणी आहे ती पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपुरती. सी शिकवताना फाइल उघडायच्या दोन पद्धती शिकवतात, मजकूर म्हणून आणि बायनरी म्हणून. फरक मात्र पाठ करून घेतला जातो, दाखवला जात नाही. विंडोजच्या लॅबमध्ये वरची ‘नाशिक’ची फाइल दोन्ही पद्धतींनी उघडून बाइट मोजायला सांगा. मजकूर म्हणून १६ येतील, बायनरी म्हणून १७. विद्यार्थी स्वतःच विचारेल, एक कुठे गेला? मग ओडी किंवा हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या कमांडने फाइलचं पोट उघडून दाखवा. पायथनच्या लॅबमध्ये सीएसव्ही लिहून एक्सेलमध्ये उघडायला सांगा. दर ओळीनंतर एक रिकामी ओळ येते, हा अनुभव विंडोजवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने घेतला आहे. सीएसव्हीचं मॉड्यूल स्वतः १३ आणि १० लिहितं, मजकूर म्हणून उघडलेली फाइल त्या १० चं पुन्हा १३-१० करते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी १३, १३, १० असे तीन बाइट पडतात. फाइल उघडताना न्यूलाइनचा पर्याय रिकामा द्यायला अधिकृत माहितीत सांगितलंय ते यासाठी. मुलं तो पर्याय नेटवरून उचलून डकवतात. एकदा तीन बाइट डोळ्यांनी पाहिले की डकवण्याची गरज राहत नाही. एका तासिकेत हे सगळं बसतं.

निविदेतल्या कलमालाही तीन-चार ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही: ‘मजकुराच्या सर्व फाइली यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीची बीओएम खूण नसलेल्या. प्रत्येक ओळ, शेवटची धरून, एलएफने संपलेली. सीएसव्हीसाठी सीआरएलएफ, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं. पुरवठादाराने सोर्स कोडसोबत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल देणं बंधनकारक.’ एक्सेलमध्ये मराठी नीट दिसावी म्हणून एखाद्या विभागाला सीएसव्हीत बीओएम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण, हवी असेल तर तसं लिहा, पण लिहा. आणि पहिली फाइल हातात आल्यावर स्वीकारपत्रावर सही करण्याआधी विभागातल्याच कुणीतरी लिनक्सची ‘फाइल’ ही कमांड तिच्यावर चालवून पाहावी. साध्या मजकुराच्या फाइलीत ओळी सीआरएलएफने संपत असतील तर ती तसं सांगते, साध्या एलएफच्या असतील तर वेगळं काही बोलत नाही. कलमाशी जुळलं नाही तर फाइल त्याच दिवशी ठेकेदाराकडे परत जावी.